उताऱ्यासाठी उतार

मामांना जमिनीचा उतारा हवा होता. साखरेने एक पाय गेलेला, त्यामुळे चाकाची खुर्ची. निपाणीकडच्या एका कचेरीत आम्ही गेलो आणि पायऱ्यांपाशीच अडलो. कारकून भला माणूस. तो कागद घेऊन खाली आला, मामांनी उन्हातच सही केली. "आत काय हाय ते बघायचं ऱ्हाऊनच गेलं," परतताना मामा म्हणाले.

आत बघण्यासारखे बरेच असते. १८३६ साली धारवाडचा उत्तर भाग तोडून बेळगाव जिल्हा झाला. त्यानंतर या पट्ट्यात ज्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्या बांधणाऱ्यांना 'हरित इमारत' हा शब्द ठाऊक नव्हता. वीज नाही, एवढेच ठाऊक होते. म्हणून हातभर जाड भिंती, ऊन अडवणारी ओसरी, उंच आढे, वर मंगलोरी कौले आणि तापलेली हवा बाहेर सोडणारे झरोके. बिघडवले ते आपण. कौलांखाली फॉल्स सीलिंग ठोकले, झरोके प्लायवूडने बुजवले आणि मग गुदमरतेय म्हणून एसी बसवला. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, तेव्हापासून आतली ओल बाहेर पडेना. अशा इमारतीला हिरवे करायचे तर पहिले काम काढून टाकण्याचे आहे, बसवण्याचे नंतर.

बसवायचे ते फार नाही. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो; दहा पंखे आठ तास फिरले तर दिवसाला साडेतीन युनिटच्या आसपास वीज वाचते. बेळगावात वर्षाला सव्वा मीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छपराची पन्हळ टाकीकडे वळवली, की गळती-बाष्प धरूनही लाखभर लिटर पाणी. सौर पॅनेल मात्र कौलांवर नकोत. बसवणारा कौलांवरून चालला की कौले फुटतात, आणि पुढच्या मृगात फायली भिजतात. त्यापेक्षा दुचाकींच्या शेडचे छप्पर बरे.

खरी अडचण जोत्याची. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून ते उंच ठेवलेले. सहा इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे तीस इंच चढ. रॅम्पचा नियम एकास बारा, म्हणजे तीस फूट लांबी. समोर तेवढी जागा नसते, मग कंत्राटदार आठ फुटांत उरकतो. त्या घसरगुंडीवरून खुर्ची ढकलायला दोन गडी लागतात आणि उतरताना चार. जुन्या इमारतीत यावर उपाय असतो: रॅम्प दर्शनी दाराला न लावता बाजूने, ओसरीला समांतर न्यायचा. दगडी दर्शनी भागही शाबूत राहतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७चे. मुदत केव्हाच उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसती मार्गदर्शक तत्त्वे पुरत नाहीत, सक्तीचे निकष हवेत. इमारत फार जुनी आहे, ही सबब मला तरी पटत नाही; ना रॅम्पसाठी, ना हिरवेपणासाठी. मुंबईचे सीएसएमटी १८८८ मध्ये पूर्ण झाले. त्यात मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे, ते जागतिक वारसाही आहे, आणि तरी त्याला हरित इमारतीचे सुवर्ण मानांकन मिळाले.

राहिला फलक. त्यावर कोणती लिपी असावी, यावर आमच्याकडे पिढ्या भांडल्या. ब्रेलमध्ये ते भांडण उभेच राहत नाही. भारती ब्रेलमध्ये एका उच्चाराला सगळ्या भारतीय भाषांत सहसा एकच खूण: 'क' म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका, कन्नडमध्येही आणि मराठीतही. खोलीचा क्रमांक आणि नाव असा फलक दाराशेजारी, हात सहज पोचेल अशा उंचीवर लावायला भिंतीची वीतभर जागा पुरते.