रानाचे तुकडे झाले की वेली का माजतात?

कोकणातल्या एखाद्या जुन्या देवराईत गेलात, तर पिळवटलेल्या दोरखंडासारखी, माणसाच्या मांडीएवढी जाड वेल झाडांवर चढलेली दिसेल. ही गारंबी. हिची शेंग मीटरभर लांब असते. वेल म्हटले की आपल्याला परसातले पडवळ आठवते. पण उष्ण प्रदेशातल्या रानांत लाकडी खोडाच्या अशा महावेली पुष्कळ आहेत.

प्रत्येकीची चढण्याची तऱ्हा निराळी. गुळवेल आधाराला विळखे घालते, मिरी मुळांनी चिकटते, वेत आकड्यांनी अडकतो आणि गारंबीच्या पानांच्या टोकांना तणावे असतात. हेतू मात्र एकच, दुसऱ्याच्या खांद्यावर बसून उजेड गाठायचा! झाडाला स्वतःचा भार पेलण्यासाठी जाड खोड लागते. वेलीचा हा खर्च वाचतो. तिच्या बारीक खोडातल्या रुंद नळ्यांतून पाणी झपाट्याने वर जाते आणि वाचलेले अन्न पाने व लांबी वाढवण्याच्या कामी येते.

आता अशा रानाच्या भोवती शेते झाली किंवा मधून रस्ता गेला, तर काय होईल? उरलेल्या तुकड्याच्या कडेने ऊन आणि कोरडा वारा आत शिरतो. मोठी झाडे वाळतात, उन्मळतात. झाडांवरची ही आपत्ती वेलींना पर्वणीच ठरते. त्यांना उजेड मिळतो, आणि झाडाबरोबर कोसळलेल्या कित्येक वेली पुन्हा मूळ धरतात. गुळवेल तर इतकी चिवट, की खालून तोडली तरी वरचा लोंबता भाग दोऱ्यासारखी मुळे सोडून जमीन गाठतो.

याची मोजणी ब्राझीलमध्ये झाली आहे. मानाउस शहराच्या उत्तरेला कुरणांसाठी जंगल तोडले जात होते. तेथे १९७९ मध्ये टॉमस लव्हजॉय या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे अभ्यासासाठी राखण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे असे दिसले, की कडेपासून सुमारे १०० मीटरपर्यंत वेली जास्त आहेत. कडेजवळची मोठी झाडे तर आतल्या झाडांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने मरत होती.

१०० मीटर म्हणजे फार नव्हे, असे वाटते ना? मग कागद घ्या. १०० हेक्टरांच्या चौरसाची बाजू १ किलोमीटर. चारही बाजूंनी १०० मीटरचा पट्टा वगळला, की आत ६४ हेक्टर उरतात. १० हेक्टरांच्या चौरसात उरतात जेमतेम १.३५. आणि १ हेक्टरात? काहीच नाही, तो सगळा कडच! आपल्या बऱ्याच देवराया अशाच लहान आहेत.

मग वेली तोडाव्यात का? वनखात्याच्या जुन्या योजनांत वेलतोड हे नेहमीचेच काम असे. वेलींनी लादलेले झाड हळू वाढते, हे खरे. पण शेकरू झाडावरून झाडावर जाते ते पुष्कळदा वेलींच्याच आधाराने. शिवाय कोयत्याला कडेची माजलेली वेल कोणती आणि आतली जुनी गारंबी कोणती, हे कळत नाही. तेव्हा आधी मोजणी हवी.

ती तुम्हीही करू शकता. देवराईच्या कडेला २० झाडे आणि खूप आत २० झाडे निवडा. किती झाडांवर वेली आहेत ते लिहा. वेलीचा घेर मुळापासून १३० सेंटीमीटरवर टेपने मोजा. शास्त्रज्ञही तेथेच मोजतात. मात्र लवदार शेंगांची खाजकुइली दिसली, तर तिची नोंद लांबूनच करा!