आडनावात अष्टमी, बोलण्यात हिब्रू

तुमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे का? असेल तर कुठल्यातरी पणजोबा-खापरपणजोबाचं गाव तुम्ही रोज सही करताना लिहिताय. आता डोळ्यांपुढे आणा, इस्रायलमधल्या अश्दोद किंवा दिमोना शहरातल्या एका फ्लॅटच्या दारावर हिब्रू लिपीत पाटी आहे : अष्टमकर. आत राहणाऱ्या कॉलेजच्या मुलाने कुंडलिका नदी पाहिलेली नाही. रोह्याहून पूल ओलांडला की अष्टमी लागते, हेही त्याला ठाऊक नसेल. पण गाव त्याच्या ओळखपत्रावर आहे!

ही बेने इस्रायल लोकांची गोष्ट. म्हणजे आपल्या रायगडच्या ज्यूंची. त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. हे कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण पुढचा भाग पक्का आहे. ही मंडळी कोकणातल्या गावागावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' झाली. जे गाव, ते आडनाव. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर.

आणि भाषा? घरची, बाजारची, भांडणाची, सगळी मराठी. मला सगळ्यात भारी वाटली ती त्यांच्या सणांची नावं. ज्यूंचा नववर्षाचा सण रोश हशाना, तो यांचा 'नव्याचा सण'. योम किप्पूरला दारं लावून घरात बसायचं, म्हणून 'दारफाळणीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवशी जेवणात वाल, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मंदिराची आठवण आणि पानात आपल्याकडचं बिरडं! मागितलेली इच्छा पूर्ण झाली की अजूनही मलिदा करतात : भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सोबत फळं. समोर प्रेषित एलियाहूची स्तुती, ती हिब्रूत.

मराठी त्यांनी नुसती बोलली नाही, वापरली. ज्यूंच्या वल्हांडण सणाला वाचायची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत छापली गेली. 1874 मध्ये पुण्यातून सचित्र आवृत्ती निघाली. त्याहून गंमत म्हणजे कीर्तन. 1880 साली मुंबईत बेने इस्रायल मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं, आणि त्यातलं एक महत्त्वाचं नाव होतं बेंजामिन शिमशोन अष्टमकर. अब्राहाम, मोशे यांच्या कथा आपल्या हरिकीर्तनाच्या बाजात, मराठी पदं म्हणत सांगायच्या. जी मुलं हिब्रू पोथी समजू शकत नव्हती त्यांना धर्म कळला तो मराठीतून. भाषेला काम होतं, म्हणून ती जिवंत होती.

1948 ला इस्रायल झालं आणि पन्नास-साठच्या दशकांत हजारो लोक तिकडे गेले. इथे गोष्ट अवघड होते. नव्या देशात हिब्रू शिकल्याशिवाय नोकरी नाही, शाळा नाही. त्यात 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं : बेने इस्रायल माणसाचं लग्न इतर ज्यूशी लावायचं तर आधी वंश तपासा. म्हणजे तुम्ही खरे ज्यू की नाही, हाच प्रश्न! लोक आंदोलनाला बसले. 1964 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव करून सांगितलं, की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. आता विचार करा, ज्यांचं ज्यू असणंच संशयात आहे अशा आईबापांनी मुलांशी चारचौघांत मराठी बोलावं का? त्या आईबापांना दोष देणं मला तरी जमत नाही.

तरीही त्यांनी प्रयत्न सोडला नाही. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं, नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली. 1996 मध्ये जागतिक मराठी परिषद इस्रायलमध्ये भरली. बायकांच्या वह्यांमध्ये मराठी गाणी उतरवलेली आहेत, आणि ज्येष्ठ बायकांचे गट ती जमून गातात. पण वाचणारे आणि गाणारे आजी-आजोबांच्या वयाचे. नातवंडं हिब्रूत विचार करतात. त्यांच्याकडे उरतात ती नात्यांची हाक, खाण्याच्या पदार्थांची नावं आणि मलिद्याचं ताट.

अमेरिकेतल्या मराठी घरांचं वेगळं आहे, असं तुम्ही म्हणाल. तिथे 1981 पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरतात, गणपती बसतो, शिवाय आजी रोज व्हिडिओ कॉलवर. खरंय, सोयी जास्त आहेत. पण आठवड्यातून दोन तास बाराखडी गिरवणारं मूल उरलेला आठवडा इंग्रजीत हसतं, रडतं, भांडतं. अष्टमकरांच्या मराठीला कीर्तन होतं, सण होते, स्वयंपाकघर होतं. शाळेतल्या मराठीला बऱ्याचदा फक्त परीक्षा असते. आणि अमेरिकाच कशाला? पुण्याच्या होस्टेलवर गेलो की आपण रायगडी हेल पहिल्या महिन्यातच झाकून ठेवतो. कुणी फर्मान काढलेलं नसतं, तरी.

इस्रायलहून अनेकजण आजोबांची गावं बघायला रायगडात येतात. अलिबागला सिनेगॉग आहे, पेणला आहे, आणि खंडाळ्याजवळच्या खडकावर एलियाहूच्या घोड्याच्या टापांची खूण दाखवतात. एखाद दिवशी रोह्याच्या बाजारात पाठीवर सॅक घेतलेला कुणी तरुण तोडक्या इंग्रजीत 'अष्टमी' विचारताना भेटला, तर त्याला पुलापर्यंत सोडा. आणि वेळ असेल तर घरी नेऊन बिरडं वाढा. त्या शब्दाचं इंग्रजी शोधत बसू नका. पैज लावते, गरज पडणार नाही.