आठ दिवसांत गोळी सोडू नका
मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आम्ही हमखास ऐकतो, "आठ दिवस गोळी घेतली, फरक नाही, सोडून दिली." नैराश्याची गोळी तापाच्या गोळीसारखी नसते. मळमळ आधी सुरू होते, मन हलकं व्हायला दोन-चार आठवडे लागतात. २०१८ साली ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यातली २१ही औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक मात्र मध्यमच. म्हणून एक लागू पडलं नाही, तर डॉक्टर दुसरं देतात. सौम्य उदासीला समुपदेशनही पुरतं. दारूसारखं व्यसन लागत नाही, पण एकदम थांबवलं तर चक्कर येते. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यायची. जीव नकोसा झाला तर लगेच १४४१६ लावा, फोन फुकट आहे.