माळवदाची तुळई आणि ऊर्जेचा हिशेब

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरकडच्या एखाद्या जुन्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आठवा. मातीच्या भारानं तुळई थोडी वाकते आणि थांबते. कुठे? भाराची स्थितिज ऊर्जा आणि वाकलेल्या लाकडात साठलेली ऊर्जा यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, तिथे.

‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीत तुळईचे लहान तुकडे कल्पून प्रत्येकाची ऊर्जा मांडतात. बेरीज कुठे किमान होते हे ठरवणारी समीकरणं संगणक सोडवतो. गणितज्ञ रिचर्ड कूरांट यांनी १९४३ मध्ये त्रिकोणी तुकड्यांवर हीच युक्ती मांडली. तुकडे मोठे असले तर उत्तरातला बाक सहसा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून ते बारीक करून पुन्हा तपासायचं.

हा झाला स्थिर भाराचा हिशेब. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती जड माळवदांसह कोसळल्या. हादऱ्यात गतिज ऊर्जाही हिशेबात धरावी लागते. नुसता स्थिर भार पेलला, म्हणून घर सुरक्षित ठरत नाही.