कंपनी गेली, गाडी राहिली

कानात हेडफोन असतील तर उत्तम, आणि तुम्ही हे वाचत असाल तर त्याहून उत्तम. हे आपल्या गेल्या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना इकडे-तिकडे गेलेलं थोडं कापलंय, विमा आणि पार्ट्सबद्दलचा भाग जरा सविस्तर लिहिलाय, कारण त्यावरच सगळ्यात जास्त मेसेज आले.

विषय निघाला एका प्रश्नावरून. कामशेतच्या एका श्रोत्याने विचारलं, "दादा, जुनी शेवरोले बीट स्वस्तात मिळतेय. गाडी छान आहे, पण कंपनी भारतातून गेलीये. घेऊ की नको?"

हा प्रश्न मावळात विचारला जावा यात एक गंमत आहे. कारण ती बीट आपल्याच तालुक्यात बनत होती, तळेगावला.

आधी थोडा इतिहास सांगतो. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. आपल्याकडच्या कित्येक घरांतली मुलं तिथे कामाला लागली. मग १८ मे २०१७ ला कंपनीने जाहीर केलं की त्या वर्षाअखेर भारतात शेवरोले गाड्यांची विक्री बंद. गुजरातमधला हालोलचा कारखाना त्याआधीच बंद झाला होता. शोरूममध्ये उरलेल्या गाड्या मोठ्या सवलतीत विकल्या गेल्या. आदल्या महिन्यात पूर्ण किंमत मोजून गाडी घेतलेल्या माणसाला काय वाटलं असेल, विचार करा.

पण तळेगावचा कारखाना मात्र लगेच बंद झाला नाही. २०२० च्या डिसेंबरपर्यंत तिथे गाड्या बनत राहिल्या, त्या निर्यातीसाठी, मुख्यतः मेक्सिकोला. म्हणजे तीन वर्षं चित्र असं होतं की गाड्या तळेगावात तयार होतायत आणि तळेगावातला माणूस ती गाडी विकत घेऊ शकत नाही.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं, नुसती जोडणी चालणार नाही, इथे पार्ट बनवायची तयारी दाखवा. १९५४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. म्हणजे एकाच महाराष्ट्रातून ही कंपनी दोनदा गेली.

आता मुद्द्यावर येऊ. कंपनी गेली की गाडीमालकाचं नेमकं काय होतं?

आमच्या घरातही अशीच एक गाडी आहे. भारतातून निघून गेलेल्या ब्रँडची. शेवरोले, फोर्ड, फियाट, डॅटसन, मित्सुबिशी... यादी बरीच मोठी आहे, त्यातलीच एक समजा. बाबा म्हणाले, "नाव घेऊ नकोस, इतकी वर्षं गाडीने सांभाळलंय आपल्याला." म्हणून नाव नाही घेत.

झालं असं की ऐन जुलैमध्ये बाजारात एका टेम्पोने रिव्हर्स घेताना आमच्या गाडीचा डावा हेडलाइट फोडला. बंपरला चीर गेली. बस, एवढंच. इंजिन ठणठणीत, गाडी चालू. पण बाबांची नोकरी लोणावळ्यात, आणि जुलैमधलं लोणावळ्याचं धुकं तुम्हाला माहितीये. एका दिव्यावर त्या धुक्यात जायचं म्हणजे जिवाशी खेळ. नवीन हेडलाइट कुठेच मिळेना. शेवटी तीन आठवडे गाडी दारात उभी आणि बाबा लोकलने. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की कंपनी एकदम जात नाही. ती एकेका थराने जाते.

पहिला थर शोरूमचा. तो गेला तर रोजच्या वापरात काहीच बिघडत नाही. तुमची आरसी तशीच वैध राहते, आरटीओत गाडी दुसऱ्याच्या नावावर करता येते, पंधरा वर्षांनी फिटनेस तपासून नोंदणी वाढवता येते. आपल्या एमएच १४ च्या आरटीओला कंपनी भारतात आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. तेव्हा 'कंपनी गेली, आता गाडी भंगारात घालावी लागेल' असं कुणी म्हणालं तर घाबरू नका.

दुसरा थर भावाचा. बातमी आली त्याच दिवशी सेकंडहँड बाजारातला भाव घसरतो, गाडी कालच्याइतकीच चांगली असूनही. पण हा तोटा तुम्ही विकायला गेलात तरच खिशातून जातो. चालवत राहिलात तर तो कागदावरच राहतो. म्हणून घाईघाईत विकणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि त्याच घाईचा फायदा सेकंडहँड घेणाऱ्याला होतो.

तिसरा थर पार्ट्सचा. इथे मात्र नीट लक्ष द्या, कारण सगळे पार्ट सारखे नसतात. आमच्या वडगावच्या गॅरेजवाल्या काकांनी मला हे बोटांवर मोजून समजावलं. काका आधी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला होते, ते बंद झाल्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं.

काकांच्या हिशोबात पहिला गट झिजणाऱ्या वस्तूंचा. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बॅटरी, टायर, बेल्ट. यातलं बहुतेक कारकंपनी स्वतः बनवतच नाही. पार्ट बनवणाऱ्या वेगळ्या कंपन्या असतात आणि त्या बाजारातही माल विकतात. पुण्यात नाना पेठेत गेलात की मिळून जातं. इंजिनचंही तसंच असू शकतं. उदाहरण सांगतो. शेवरोलेच्या सेल आणि एन्जॉय या गाड्यांचं १.३ लिटर डिझेल इंजिन हे फियाटच्याच कुळातलं. त्याच कुळातलं इंजिन डिझेल स्विफ्टमध्ये होतं आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टातही होतं. बीटचं ९३६ सीसीचं डिझेल इंजिनही त्याच घरातलं, चारऐवजी तीन सिलिंडरचं. त्यामुळे या कुळाचं इंजिन उघडता येणारा मेकॅनिक गावोगाव सापडतो.

दुसरा गट बाहेरच्या अंगाचा. हेडलाइट, टेललाइट, बंपर, काचा, दरवाजे. इथे खरी अडचण. हे पार्ट त्या एका मॉडेलशिवाय कशालाच बसत नाहीत. ते बनवायला साचे लागतात, आणि साचा मशिनवर चढवायचा तर एकदम मोठी ऑर्डर लागते. गाडीचं उत्पादन चालू असतं तेव्हा ही ऑर्डर रोजचीच असते. ते थांबलं की पार्ट साठ्यातून जातो, आणि साठा संपला की पुढचा पार्ट कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, अरे, पण २०२० पर्यंत तळेगावात गाड्या बनत होत्या ना, मग बीटचा हेडलाइट तिथूनच का नाही आणायचा? मीही काकांना हेच विचारलं. एक तर मेक्सिकोला जाणाऱ्या बीटचा चेहरामोहरा इथल्या जुन्या बीटपेक्षा वेगळा होता. दुसरं म्हणजे मेक्सिकोत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडे हेडलाइटचा झोत थोडा डावीकडे, रस्त्याच्या कडेला झुकवलेला असतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यावर येत नाही. त्यांचा झोत उलटा. तो दिवा इथे लावला तर घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील. परदेशातून ऑनलाइन पार्ट मागवणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवावं.

तिसरा गट इलेक्ट्रॉनिक्सचा. ईसीयू, एअरबॅगचं मोड्यूल, चावीतली चिप. नवीन चावी गाडीशी जुळवायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. साधा स्कॅनर बिघाडाचा कोड वाचतो, पण चावी जुळवणं प्रत्येकाच्या हातचं काम नाही. म्हणून अशी गाडी असेल तर दुसरी चावी आजच शोधून ठेवा. एकच उरली असेल तर ती हरवायच्या आत डुप्लिकेट करून घ्या.

चौथा थर विम्याचा, आणि याबद्दल कुणी बोलतच नाही. तुमच्या पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम त्यावर ठरते. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत यासाठी घसाऱ्याचा ठरलेला तक्ता आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, तिथपासून वाढत चौथ्या-पाचव्या वर्षात ५० टक्के. पण गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी असेल, किंवा ते मॉडेल बनणंच बंद झालं असेल, तर आयडीव्ही विमा कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवायचा असतो. आपसात म्हणजे तुम्हालाही बोलायचा हक्क आहे! आपण काय करतो? मोबाइलवर रिन्यू करताना सगळ्यात कमी प्रीमियम दिसतो तो पर्याय दाबतो. त्यात आयडीव्हीही सगळ्यात कमी असतो.

याचा फटका कुठे बसतो बघा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. समजा आयडीव्ही आहे १,२०,०००. म्हणजे सीमा झाली ९०,०००. समोरून एक धडक, त्यात दोन हेडलाइट, बंपर, रेडिएटर, बॉनेट आणि दोन एअरबॅग. पार्ट दुर्मिळ आणि महाग असतील तर खर्च सहज त्या सीमेपलीकडे जातो. दुरुस्त होऊ शकणारी गाडी कागदावर संपते. आणि क्लेम मंजूर झाला तरी, झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या पार्ट्सवर ५० टक्के घसारा कापला जातो. बंपर प्लास्टिकचाच असतो.

पाचवा थर ज्ञानाचा. गाडीची नस ओळखणारी माणसं. ती नाहीशी होत नाहीत, पांगतात. आमच्या काकांसारखी छोट्या गॅरेजमध्ये जातात. त्यांना शोधणं हे मालकाचं काम.

एक फरक मात्र समजून घ्या. 'ब्रँड गेला' म्हणजे दर वेळी एकच गोष्ट नसते. डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली, पण तिची मूळ कंपनी निसान इथेच आहे. फियाटच्या गाड्या थांबल्या, पण आपल्याच जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात जीप बनते. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, सर्व्हिस चालू ठेवू असं सांगून. तेव्हा गाडी घेण्याआधी पहिला प्रश्न हा विचारा की गेलं कोण आणि मागे राहिलं कोण?

आणि तळेगावचं काय झालं? आधी चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी व्यवहार ठरला, पण सरकारी मंजुरी मिळाली नाही आणि तो २०२२ मध्ये बारगळला. दरम्यान २०२१ मध्ये हजाराहून जास्त कामगारांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसा गेल्या आणि त्यांचा लढा सुरू झाला. मग ह्युंदाई आली. २०२३ मध्ये करार, जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण, आणि २०२५ मध्ये तिथून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडायला लागल्या. पण ह्युंदाईने घेतलं काय? जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री. शेवरोले मालकांची जबाबदारी त्यात नाही. जमिनीला गिऱ्हाईक मिळतं. कामगाराला आणि गाडीमालकाला मात्र आपली सोय आपणच बघावी लागते.

आता कामशेतच्या दोस्ताला उत्तर. पैसे देण्याआधी तीन गोष्टी कर. ओळखीच्या मेकॅनिकला विचार, "तू ही गाडी घेशील का हातात?" नाना पेठेत किंवा फोनवर त्या मॉडेलच्या हेडलाइटची आणि बंपरची चौकशी कर. आणि दोन्ही चाव्या आहेत का बघ. तिन्ही उत्तरं बरी आली आणि गाडी रोजच्या जवळच्या कामासाठी हवी असेल, तर घे, आणि निवांत चालव. पण पोटापाण्याचा धंदाच त्या गाडीवर असेल तर नको. तीन आठवडे गाडी उभी राहिली तर आमच्याकडे बाबांना लोकल होती. तुझ्याकडे काय आहे, ते आधी बघ.

आमचा हेडलाइट? शेवटी मिळाला. काकांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून, तशाच एका गाडीचा काढलेला आणला. काच थोडी पिवळट होती, घासून घेतली. आता बाबांनी एक सवय लावून घेतलीये. अशी गाडी कुठे तुटताना कळली की काकांना फोन करून विचारतात, "काही कामाचं आहे का?" आमच्या जिन्याखाली सध्या एक टेललाइट आणि दोन आरसे गोणपाटात गुंडाळून ठेवलेत. आई रोज बोलते, पण हलवत नाही.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल तर कोणत्या गावात, कसा मेकॅनिक मिळाला, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवूया. तोवर घाटात सावकाश चालवा, दोन्ही दिवे लावून. भेटूच!