डॉक्टरच्या हातातल्या दोन तारा

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका १९६३मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच कथेत तिने अहिंसेच्या प्रश्नाला हात घातला. युद्धाने होरपळलेल्या थाल लोकांनी लढणंच सोडलंय, तर त्यांचे शत्रू डालेक त्यांच्या जिवावर उठलेत. थालांना लढायला उठवण्यासाठी डॉक्टरचा सहप्रवासी इयन हा विज्ञानशिक्षक एका थाल तरुणीला डालेकांच्या हवाली करायला निघाल्याचं नाटक करतो आणि थालांमधला शांतताप्रिय अ‍ॅलिडॉन त्याला ठोसा लगावतो. दुसरं महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम अठरा वर्षं झाली होती!

१९७५च्या ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’मध्ये कसोटी लागते ती खुद्द मालिकेच्या नायकाची, डॉक्टरची. डॉक्टर साकारणाऱ्या टॉम बेकरच्या हातात स्फोटकांच्या दोन तारा आहेत. टोकं जुळवली की डालेकांची अख्खी पैदास खलास.

तो थबकतो. अख्खा वंश संपवण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न त्याला अडवतो. पुढे तो तारा जुळवायला परततो खरा, पण तारांवरून एक डालेकच जातो आणि स्फोट होतो.

२०१५च्या ‘द झायगॉन इन्व्हर्जन’मध्ये पीटर कपाल्डीचा डॉक्टर युद्धाच्या परिणामांबद्दल जीव तोडून बोलतो. समोरासमोर दोन पेट्या, प्रत्येकीत दोन बटणं, एक विजयाचं आणि दुसरं पराभवाचं. माणसं आणि परग्रहावरचे झायगॉन, दोन्ही बाजू माघार घेतात. पेट्या मुळात रिकाम्याच असतात!

या तिन्ही कथा याच क्रमाने जरूर पाहा.