एका शाळेची आज्ञावली दुसऱ्या शाळेत : इन्स्टॉलर कसा सिद्ध करावा

एखाद्या शिक्षकाने आपल्या शाळेच्या संगणकावर गुणपत्रके तयार करणारी आज्ञावली लिहिली व ती तेथे उत्तम चालली, म्हणजे शेजारच्या शाळेतही ती तशीच चालेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो बहुधा खोटा ठरतो. आज्ञावलीची फाईल पेन ड्राइव्हवर घालून नेली असता नव्या संगणकावर ती उघडतच नाही, किंवा अमुक डीएलएल सापडत नाही असा संदेश दाखवून थांबते. आज्ञावलीत दोष असतो असे नव्हे; ती एकटी कधीच चालत नसते. ज्या संगणकावर ती लिहिली गेली, तेथे पायथॉन, त्याच्या सहायक लायब्रऱ्या, मराठी फॉन्ट इत्यादी सामग्री पूर्वीच बसविलेली असते व लिहिणाऱ्यास तिचा विसर पडलेला असतो. ही सामग्री परक्या संगणकावर योग्य जागी मांडणारी, आणि नको झाल्यावर ती काढूनही नेणारी जी फाईल, तिलाच इन्स्टॉलर म्हणतात. बोलण्यात तिला ‘सेटअप’ म्हणण्याचा प्रघात आहे.

विंडोजसाठी अशी फाईल बनविण्याची साधने बरीच आहेत. मायक्रोसॉफ्टने १९९९ साली ऑफिस २००० बरोबर विंडोज इन्स्टॉलर ही स्वतःची पद्धत आणली. परंतु तिचे नियम किचकट आहेत आणि एकट्या शिक्षकाने त्यांच्या मागे लागू नये हेच बरे. लहान कामास जॉर्डन रसेल यांचे, १९९७ पासून उपलब्ध असलेले इनो सेटअप पुरेसे होते. त्यात साध्या मजकुराची एक फाईल लिहावयाची असते : आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, कोणती फाईल कोठे ठेवावयाची, शॉर्टकट कोठे दिसावा. त्यावरून एकच सेटअप फाईल तयार होते. आज्ञावली पायथॉनमध्ये असल्यास पायइन्स्टॉलर या साधनाने ती आधी पायथॉनसह एकत्र बांधून घ्यावी. विंडोजवर बांधलेली प्रत लिनक्सवर चालत नाही, तसेच ६४ बिटांची प्रत ३२ बिटांच्या जुन्या विंडोजवर चालत नाही.

सर्वांत अधिक विचार करावा लागतो तो मुलांची माहिती कोठे साठवावयाची याचा. आज्ञावली ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये बसते, म्हणून गुणांची फाईलही तेथेच ठेवण्याचा मोह होतो. परंतु २००७ साली सर्वत्र आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सामान्य अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीस तेथे लिहिण्याची मुभा नाही. ३२ बिटांच्या जुन्या धर्तीच्या आज्ञावल्यांना तर विंडोज नकारही देत नाही. त्यांचे लेखन वापरणाऱ्याच्या खात्यातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरकडे गुपचूप वळविते. परिणामी एका गुरुजींनी भरलेले गुण, दुसऱ्या बाईंनी आपल्या खात्यातून पाहिले असता, मुळीच दिसत नाहीत! यास्तव गुणांची फाईल आरंभापासूनच निराळ्या, लिहिण्याची परवानगी असलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी.

दुसरा धोका नवी आवृत्ती बसविताना संभवतो. सेटअपमध्ये गुणांची कोरी फाईल घातलेली असली, तर ती भरलेल्या फाईलीवर जाऊन बसते व वर्षभराच्या नोंदी क्षणात नाहीशा होतात. आज्ञावली काढून टाकतानाही, सेटअपने ठेवलेली फाईल म्हणून ती पुसली जाते. इनो सेटअपमध्ये याकरिता दोन सूचना देता येतात : फाईल अगोदर नसेल तरच ठेवावी, आणि आज्ञावली काढताना तिला हात लावू नये. त्या न विसरता द्याव्यात. आज्ञावलीचे ओळखचिन्हही सर्व आवृत्त्यांत एकच ठेवावे; ते बदलले की नवी आवृत्ती जुनीची जागा न घेता तिच्या शेजारी वेगळी बसते.

वाटपापूर्वी सेटअपची परीक्षा, काहीही बसविलेले नाही अशा संगणकावर आणि इंटरनेट तोडून घ्यावी. लागणारी सामग्री आयत्या वेळी इंटरनेटवरून उतरवून घेणारा सेटअप जोडणी नसलेल्या शाळेत निरुपयोगी होय. खात्याचे नाव देवनागरीत असलेला एखादा संगणकही परीक्षेत असावा. अशा नावाचा फोल्डर मार्गात आला की काही आज्ञावल्या अडखळतात. खोट्या नावांचे चार विद्यार्थी भरावेत, आज्ञावली काढावी, पुन्हा बसवावी व ते चौघे जागेवर आहेत की नाहीत ते पाहावे.

विकत घेतलेल्या प्रमाणपत्राची सही नसलेला सेटअप उघडताना विंडोज ‘अनोळखी प्रकाशक’ असा इशारा देते. सही परवडत नसेल, तर निदान फाईलीची एसएचए-२५६ खूण काढावी. ही ६४ अक्षरांची असते आणि विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने मिळते. फाईलीत एका अक्षराचाही फरक पडला तरी ती खूण पार बदलते. शाळाशाळांतून फिरणाऱ्या पेन ड्राइव्हवर विषाणू सहज शिरतात, म्हणून ही खूण त्याच पेन ड्राइव्हवर न देता निराळ्या मार्गाने कळवावी. घेणाऱ्या शिक्षकाने ती पडताळावी. न जुळल्यास फाईल न उघडता दुसरी प्रत मागवावी.